पांढऱ्या पायाचे पिवळे

मंगळवार, २ एप्रिल

ती. दादास,
बारकीचा सा. न. साष्टांग आता फक्त कागदावरच, गुडघे ऐकत नाहीत.

समोर ट्रेमध्ये सात जणांच्या कवळ्या मेणात बसवून ठेवल्यात. त्या सगळ्या माझ्याकडे बघून हसतायत आणि मी तुला पत्र लिहितेय. फोनच केला असता. पण तीन वर्षांपूर्वी मी ऐन मॅचमध्ये फोन केला आणि त्याच मिनिटाला तुझ्या पिवळ्यांवर गोल झाला. तेव्हापासून जन्म आणि मरण सोडून कशालाही फोन करायचा नाही, असं तुझं फर्मान आहे. या दोन्हींपैकी सध्या काही नाही, म्हणून हे पत्र.

चिरंजीवांचं परदेशातून पुन्हा आलंय. आई, तू तिथे एकटी कशाला राहतेस, इकडे ये, खोली तयार आहे, सूनबाईंनी पडदेसुद्धा लावलेत. कागदपत्रं करायची म्हणून महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळव म्हणतो. एकदा गेले की मग काही मी लवकर परत येत नाही, दादा. हे गेल्याला सहा वर्षं झाली. तोही काळजीपोटीच म्हणतो. मी अजून काही ठरवलेलं नाही.

ठरवायच्या आधी एक गोष्ट हवी आहे. तू आणि वहिनी सत्तावीस-अठ्ठावीसला, शनिवार-रविवार, माझ्याकडे राहायला या. या घरात मला एकोणीस वर्षं झाली आणि तू एकदाही इथे मुक्काम केलेला नाहीस. येतोस ते सकाळच्या बसने आणि जातोस संध्याकाळच्या बसने, जसा काही मीटर बघायला आलेला माणूस. यंदा शहर बघू. होडीतून नदी ओलांडू, काचेच्या छताच्या बाजारात फिरू, तिथे तुला दोनशे तराजू बघायला मिळतील.

आणि आता ऐक, तुझ्या उडीची तयारी ठेव. तुमचा गोलकीपर माझ्याकडे आला होता! आपल्याच खेळाडूशी टक्कर होऊन पुढचे चार दात गेले. ते चार दात आता माझ्या हातचे आहेत, टीव्हीवर हसला तर नीट बघ. बिचारा खुर्चीत बसून सांगत होता की घरच्या मैदानात हल्ली परक्या गावी खेळल्यासारखं वाटतं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. खूश होऊन त्याने शेवटच्या मॅचची दोन तिकिटं दिली. ती सत्तावीसलाच आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक गोलपोस्ट आणि कोपऱ्यातला झेंडा दिसतोच, पण तू आत जाऊन बस.

लोभ आहेच. तो या वेळी एक रात्र तरी मुक्कामी यावा, ही विनंती.

तुझी,
बारकी


रविवार, ७ एप्रिल

चि. बारकीस,
अ. आ.

पत्र पोचलं. आनंद झाला आणि पुढच्या पानावर गेला.

सत्तावीसला मी त्या शहरात पाऊल टाकू शकत नाही. तुला हे वेडेपणाचं वाटेल. पण मी काटे-तराजू दुरुस्त करणारा माणूस आहे, मनाला वाटतं ते सांगत नाही, वहीत लिहिलेलं सांगतो. आयुष्यात एकूण अकरा वेळा मी त्या मैदानात गेलो आणि अकराही वेळा आपण हरलो. एकदा समोरच्यांचे दोघे बाहेर काढले होते, नऊजण उरले होते, तरी हरलो. एकदा आपण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत दोन गोलनी पुढे होतो. मी लिंबू सरबत घ्यायला उठलो, तेव्हा ठीक होतं. परत येऊन बसलो आणि तीन खाल्ले. अकरावी वेळ तर तू त्या घरात राहायला आलीस त्या दिवशीची. कपाट वर चढवून झाल्यावर जरा हवा खाऊन येतो म्हणून मी सटकलो होतो, आठवतं? फाटकापाशी दहा मिनिटं उभा राहिलो. दहा मिनिटांत दोन.

आता यंदाचं ऐक. शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी झाली तरी आपण वाचतो. हरलो तर खालच्या गटात. बावन्न वर्षांत हे कधी झालं नाही. अशा वेळी मी तिकडे यायचं? तुझ्या त्या खिडकीचाही मी दोन दिवस विचार केला. गोलपोस्ट दिसतो म्हणजे नजर मैदानात पडते, आणि नजर पडली की पाय पडल्यासारखंच.

तुला म्हणून एक सांगतो, हिला कळू देऊ नकोस. माझ्या आठव्या वाढदिवसाला बाबा मला पहिल्यांदा घेऊन गेले. चार शून्यने हरलो. बाहेर पडताना बाबांनी टपली मारली आणि म्हणाले की तू आलास की हे हरतात बघ, पांढऱ्या पायाचा आहेस. हसत म्हणाले. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी येऊन मी पाय घासून धुतले होते.

मंगळवारी येऊ का? सकाळच्या बसने येऊन संध्याकाळी परत. परदेशाचं म्हणशील तर मुलगा एवढ्या आग्रहाने बोलावतोय, जायचं असेल तर जा. मी अडवणारा कोण?

बाकी क्षेम. माझ्यावरचा लोभ राहू दे, फक्त मैदानापासून लांब राहून.

दादा


मंगळवार, ९ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र मी शाळेच्या ग्रंथालयात बसून लिहितेय. मुलं समजतायत मी पुस्तकांची यादी करतेय, त्यामुळे सगळं कसं गप्पगार आहे.

तुमच्या भावाने तुम्हाला काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलेलं नाही, म्हणजे ते काय असेल ते मला कळलं. बरं, त्यांनी तुम्हाला हे मात्र नक्की लिहिलं नसणार की बाहेरगावच्या मॅचच्या शनिवारी ते कुठे बसतात. दुकानात पोती मोजायचा तो मोठा काटा आहे ना, जमिनीवरचा, त्याच्यावर उलटं खोकं ठेवून बसतात. चार वर्षांपूर्वी ते त्यावर उभे राहून स्वतःचं वजन बघत होते आणि रेडिओवर पिवळ्यांनी बाहेरगावी मॅच जिंकली. तेव्हापासून बैठक ठरली. पेनल्टी असली की काट्याची सुई थरथरते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक मुकाट्याने नव्वद मिनिटं पोतं खांद्यावर घेऊन उभं होतं.

म्हणजे बघा, घरची मॅच असली की शहराकडे फिरकायचं नाही आणि बाहेरची असली की काट्यावरून उतरायचं नाही. उरले कोणते शनिवार? एकोणीस वर्षांत आम्ही दोघांनी एक सुट्टी धडपणे काढलेली नाही. मलाही होडीत बसायचं आहे हो. मलाही कोणीतरी केलेला चहा प्यायचा आहे.

पण हसण्यावारी नेलं तरी एक सांगते. तुमचं पत्र आल्यापासून यांच्या हातून काम होत नाही. काल एकच पारडं तासभर पुसत होते. मध्येच विचारलं की परदेशातून पत्र यायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाले, मंगळवारी बस असते ना? तुम्ही गेलात तर तुमचा निरोप हे मंगळवारी घेणार आणि संध्याकाळच्या बसने परत येणार, आणि जन्मभर ती सल बाळगणार.

तुम्हीच काहीतरी करा. माझं ऐकायचं वय त्यांचं निघून गेलं.

लोभ वाढवायची गरज नाही, बुद्धी वाढवा, दोघांचीही.

तुमची,
वहिनी


शनिवार, १३ एप्रिल

ती. वहिनींस,
बारकीचा न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की एका गृहस्थांची वरची कवळी हातातून पडली. टवका उडालाय. त्यांना सांगितलंय, प्लास्टर ओलं होतं.

पण वहिनी, हसून झाल्यावर रडले. तुम्हाला सांगते, दादाला सांगू नका. दादाला वाटतं की तो पांढऱ्या पायाचा आहे. बाबा त्याला तसं म्हणाले होते, तो आठ वर्षांचा असताना. मला हे आजवर माहीत नव्हतं. कारण बाबा मलाही म्हणाले होते. मी सहा वर्षांची होते, फुग्यासाठी हट्ट करून गेले होते, तीन गोल बसले, आणि खांद्यावरून घरी आणताना बाबा म्हणाले की बारके, तू आलीस की हे हरतात बघ. शब्दसुद्धा तेच. पुढे तीन-चारदा नेलं, दरवेळी हरले. मग मीच म्हणायला लागले की मला फुटबॉल आवडत नाही. आवडतो हो मला! सगळ्यांची नावं पाठ आहेत.

आणि नशीब बघा, यांनी घर घेतलं ते थेट मैदानावर. एकोणीस वर्षं घरच्या मॅचला मी स्वयंपाकघराचा पडदा ओढते, दातांचा ट्रे घेऊन न्हाणीघरात जाऊन बसते आणि पॉलिशची मोटर सुरू करते, म्हणजे ओरडा ऐकू येऊ नये. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे दात इतके का चकाकतात, याचं कारण हे आहे. दादाची टीम जिंकावी म्हणून करते मी. त्याला कसं सांगू? इतकी वर्षं त्याची थट्टा केली आणि आता म्हणू की मीही तुझ्याहून शहाणी नाही?

मला बाकी काही नको. दोन सकाळी त्याच्याबरोबर चहा प्यायचा आहे, घाई न करता. मग हो म्हणायचं की नाही, ते मला कळेल. मंगळवारचा निरोप मला नको.

माया आहेच, ती तशीच राहू दे, आणि हे पत्र जाळा.

बारकी


मंगळवार, १६ एप्रिल

प्रिय वन्सं,
नमस्कार आणि कपाळावर हात.

पत्र जाळलं नाही. ग्रंथालयात मोडी दस्तऐवजांच्या कपाटात ठेवलंय, तिथे वीस वर्षांत कोणी हात घातलेला नाही.

आता तुम्ही बसून घ्या. आमच्या लग्नाला तीन दिवस झाले होते. तुम्ही तेव्हा मावशीकडे गेला होतात. मामंजींनी नव्या सुनेला मॅच दाखवायचं ठरवलं. तुमच्या बंधूंच्या नेमकं त्याच दिवशी पोटात दुखायला लागलं! नव्या नवरीला सासऱ्यांबरोबर पाठवून हे अंथरुणात. त्या दुखण्याचं मूळ मला आज, पस्तीस वर्षांनी कळतंय. तर आम्ही दोघं गेलो, आणि पाच-एकने हरलो. बाहेर पडताना मामंजी मला म्हणाले की सूनबाई, तुम्ही आलात की हे हरतात, पांढऱ्या पायाच्या दिसता.

मी नवी होते, पण तोंड जुनंच होतं. मी म्हटलं, मग मी दर शनिवारी येते, म्हणजे तुम्ही कंटाळून घरी राहाल आणि मोरीचा नळ दुरुस्त कराल. मामंजी रस्त्यात उभे राहून हसले. म्हणाले की मी सगळ्यांनाच म्हणतो हे. न्हाव्याला म्हटलंय, डॉक्टरांना म्हटलंय, समोरच्यांच्या कुत्र्यालाही म्हटलंय. कुणाला तरी बोल लावायला हवा ना, पोरांना कसा लावणार, ती बिचारी एवढी धावतात. पोरांना म्हणजे त्या पिवळ्यांना बरं का. तुम्हा दोघांना बोल लावताना मात्र विचार केलेला दिसत नाही.

मी हे कधी सांगितलं नाही, कारण हे कुणी मनाला लावून घेईल असं मला वाटलंच नाही. त्या घरात दोघं बसली आहेत मनाला लावून, हे मला काय माहीत!

यांना मी सांगू शकले असते. पण मी सांगितलं तर म्हणतील, तू मला न्यायला बघतेस म्हणून रचलंस. आधी त्यांना इथून हलवा. कसंही करून. मैदानाच्या नावाने नाही, दुसरं काहीतरी काढा.

लोभाचं राहू द्या, होडीचं बघा.

वहिनी


गुरुवार, १८ एप्रिल

ती. दादास,
सा. न., वि. वि. आणि एक व्यवहारी प्रस्ताव.

तुझं म्हणणं मला पटलं. तू मैदानात जायचं नाहीस, नजरही टाकायची नाही. तिकिटं मी खालच्या मजल्यावरच्या जोडप्याला दिली. आता माझं ऐक. नदीपलीकडे कुलपांचं संग्रहालय आहे. मैदानापासून दीड तासाच्या अंतरावर, होडी धरून. त्याचं तळघर एका जुन्या पेढीची तिजोरी होती, भिंती तीन हात जाड, रेडिओ चालत नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी आपण तिथे शिरायचं आणि संपल्यावर बाहेर यायचं. तिथून तुझा पायगुण मैदानापर्यंत पोचला, तर तो पायगुण नाही, तोफ म्हणावी लागेल.

उलट घरी दुकानात बसून तू काय करणार? घरच्या मॅचला तर तुझा काटाही उपयोगाचा नाही. हो, मला काटा माहीत आहे. कसा ते विचारू नकोस.

एक मात्र सांगते. तू आला नाहीस तरी वहिनी येणार आहेत, एकट्या. त्यांनी रजा टाकली आहे. दोन दिवस तुझं तू रांधून खा.

पडदा मी स्वतः ओढून ठेवीन.

उत्तराची वाट बघते, लोभाची बघत नाही, तो तुझ्या हातात नाही.

बारकी


रविवार, २१ एप्रिल

चि. बारकीस,
अ. आ., पण अटी आहेत.

बसस्टँडवरून मैदानाच्या रस्त्याने यायचं नाही, मागच्या बाजूने, गल्लीतून. खालच्या मजल्याच्या जोडप्याला शनिवारी संध्याकाळी भेटायचं नाही. निकाल रविवारचा चहा होईपर्यंत कोणी मला सांगायचा नाही, आणि कोणी माझ्याकडे सहानुभूतीने बघायचंही नाही, मला लगेच कळतं. तळघर खरोखर तीन हात जाड आहे ना, ते मी स्वतः मोजीन. टेप घेऊन येतोय.

शुक्रवारी रात्री पोचतो. हिने माझी पिवळी मफलर बॅगेत टाकली होती, ती मी काढली. मग तिने परत टाकली.

लोभ, मुक्काम दोन रात्रींचा.

दादा


सोमवार, २९ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण शब्दांत.

सुखरूप पोचलो. होडीतलं वारं हिच्या कानात बसलंय, पण म्हणते की पुन्हा बसेन. काचेच्या छताच्या बाजारात मी ज्या मासेवालीचा काटा नीट करून दिला, तिने हिला दिलेलं सुक्या मासळीचं पाकीट घरी येईपर्यंत बसमध्ये कोणालाच आवडलं नाही.

तळघरातलं तू पाहिलं नाहीस. तू आणि ही वर किल्ल्यांच्या दालनात थांबलात, म्हणून मी ते नीट लिहून ठेवतोय. वर आल्यावर मी तुला निम्मंच सांगितलं होतं.

खाली गेलो तर वाटलं होतं चिटपाखरूही नसेल. शनिवारी दुपारी कुलपं बघायला कोण येतो? सहाजण होते. एक पेन्शनर एकाच तिजोरीच्या कुलपासमोर अर्धा तास उभे. एक बाई बाकावर विणत बसलेल्या, पण टाके घालायच्या आणि उसवायच्या. कोपऱ्यात खुर्चीवर रखवालदार. कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि सगळे सारखे घड्याळ बघत होते. मला वाटलं, यांना कुलपांची फार आवड दिसते. मी टेप काढून भिंत मोजली. तीन हात नाही, अडीच भरली.

पावणेपाच झाले तसा रखवालदार उठला, जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेला, फोनकडे बघितलं आणि खाली येऊन डोक्यावरची टोपी काढली. बारके, सहाही माना एकदम खाली गेल्या. आणि माझीही. मग आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. विणणाऱ्या बाईंच्या पिशवीत पिवळा गळपट्टा होता, उलटा घडी करून ठेवलेला.

तीन शून्य. गेलो खालच्या गटात.

मी म्हटलं, माझंच चुकलं, मी पांढऱ्या पायाचा, शहरात यायलाच नको होतं. त्यावर त्या बाई चवताळल्या. त्या निवृत्त सुईण आहेत. म्हणाल्या की पांढऱ्या पायाची मी आहे, सव्वीस वर्षं मैदानाकडे फिरकलेले नाही, तुम्ही कोण मोठे लागून गेलात. पेन्शनर म्हणाले की त्यांनी टीव्ही लावला की गोल बसतो, म्हणून घरातला टीव्ही विकला. रखवालदाराने तर तळघराची ड्यूटी मुद्दाम मागून घेतली आहे, नोकरीत बढती नाकारून. दर घरच्या मॅचला हे सगळे इथे येतात, एकमेकांना न सांगता! मग जो वाद पेटला तो कोण जास्त अपशकुनी यावरून. प्रत्येकाकडे पुरावे. सांगायला हरकत नाही, अकरातले अकरा म्हटल्यावर सगळ्यांनी हात टेकले. सुईणबाईंचे नवातले आठच आहेत.

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. मी तळघरात होतो, सुईणबाई तळघरात, सगळे तळघरात. मग हरवलं कोणी? मैदानात एकही पांढरा पाय नव्हता, तरी हरले. आपण नव्हतोच, तरी हरले! ते नुसतेच वाईट खेळले, बारके. आमचा काही संबंधच नव्हता.

वर येऊन मी हे तुला सांगितलं आणि तू पायरीवर बसून न्हाणीघराचं सांगितलंस, आणि हिने नळाचं. त्यानंतरचं तुला माहीत आहे, संग्रहालय बंद करायची वेळ झाली म्हणून त्यांनी आपल्याला हसता हसता बाहेर काढलं.

पण बसमध्ये मी वही काढली. अकरा वेळांपैकी पहिल्या नऊ वेळा बाबांबरोबर. आठव्या वाढदिवसापासून सोळाव्यापर्यंत, दरवर्षी. दर वेळी हरलो, दर वेळी बाबा म्हणाले की तू आलास की हरतात, आणि पुढच्या वर्षी परत हात धरून घेऊन गेले. अपशकुनी पोराला कोणी नऊ वेळा नेतं का? हे माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत होतं, आणि चोपन्न वर्षं मी फक्त गोल मोजत होतो.

सतराव्या वर्षी मी म्हटलं, अभ्यास आहे. बाबा बरं म्हणाले. दोन दिवसांनी आईने त्यांचा शर्ट धुवायला काढला, तेव्हा खिशात दोन तिकिटं होती. एक फाडलेलं आणि एक तसंच.

आता शेवटचं. पहिल्या पत्रात जायचं असेल तर जा लिहिलं होतं, ते खोटं होतं. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. वाटतं ते सांगत नाही म्हणालो होतो, पण हे सांगतो.

तुझा लोभ मला हवा आहे. मंगळवारचा नको.

दादा


शुक्रवार, ३ मे

ती. दादास,
सा. न. आणि खरोखर वाकून.

तुझं पत्र आज आलं. चिरंजीवांना मी सोमवारीच कळवलं होतं, नाही म्हणून. हिवाळ्यात महिनाभर येईन, पडदे बघायला. तो जरा रुसलाय, रुसू दे.

माझं रविवारी सकाळीच ठरलं. मी चहा ठेवत होते, आणि तू न विचारता स्वयंपाकघराचा पडदा सारलास. खाली एक माणूस गोलपोस्टची जाळी काढत होता. तू कप घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास की गवताला पाणी कमी पडतंय. तू एकोणीस वर्षांनी माझ्या खिडकीत उभा राहून गवताची काळजी करत होतास, दादा. मग मी कुठे जाणार?

इथे ठेवलेल्या त्या मासळीच्या पाकिटाचा वास अजून स्वयंपाकघरातून जात नाही, वहिनींना सांग.

लोभ इथेच असेल, तिसऱ्या मजल्यावर.

बारकी


बुधवार, १४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही गेलात आणि सोमवारी सकाळी तुमचा गोलकीपर दारात. माझ्या हातच्या चार दातांपैकी दोन शनिवारच्या मॅचमध्ये पडले. दुसऱ्या गोलच्या वेळी खांबावर आपटला, तू पाहिलंसच.

खुर्चीत बसून, तोंडात माझा साचा असताना, त्याने हातवारे करून विचारलं की कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी ती चाळीसेक म्हातारी माणसं कोण होती. साचा काढल्यावर म्हणाला, सात वर्षं इथे खेळतोय, गोल खाल्ल्यावर टाळ्या पहिल्यांदा ऐकल्या. एक बाई तर विणकाम टाकून उभ्या राहिल्या होत्या. एक गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते आणि हसत होते.

मी त्याला सांगितलं की ती सगळी पहिल्यापासून तुमचीच माणसं आहेत. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला की आम्हाला वाटायचं, आमचे जुने प्रेक्षक मेले.

मी त्याला तळघराचं सगळं सांगितलं, आणि तिथल्या सहाजणांनी आपापल्या ओळखीतले पांढऱ्या पायाचे कसे शोधून आणले तेही. त्याने आपल्या दातांचा साचा उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाला की त्यांना सांगा, आम्ही हरतोच, तुम्ही या.

तेव्हा बारातले बारा वहीत मांडून झाले असतील, तर तिच्यात माझेही मांड. माझे पाचातले पाच झाले. न्हाणीघर आता फक्त अंघोळीला वापरते, आणि गिऱ्हाईकांची तक्रार आहे की दात पूर्वीसारखे चकाकत नाहीत. चोवीसला, शनिवारी, परत घरची मॅच आहे, वहिनींना म्हणावं, मफलर बॅगेतून काढायचीच नाही.

लोभ असावा. हरले तरी असावा.

तुझी,
बारकी